परतून मराठीत

मराठी साहित्यात स्थलांतराची कथा बहुधा जाणाऱ्याची असते. बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाचे मोल मात्र त्यांच्या परतण्यात आहे. संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी अमेरिकेत गेलेले खिरे तेथे ‘त्रिकोण’ या संस्थेच्या संपर्कात आले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९८६ साली सुरू झालेली ही संस्था दक्षिण आशियाई क्वीअर मंडळींची, म्हणजे ज्यांचा लैंगिक कल वा लिंगभाव रूढ चौकटीत बसत नाही अशांची होती. पुण्याला परतल्यावर २००२ साली त्यांनी अशाच मंडळींसाठी ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि त्यांचे समुपदेशन सुरू केले. एकाच वाटेने चालणारा तो समपथिक. या शब्दात रोगाचा वास नाही, शिवीची धार नाही आणि इंग्रजीची उसनवारीही नाही.

याच ‘त्रिकोण’च्या नियतकालिकाचे संपादन केलेल्या संदीप रॉय यांचा मार्ग बराच काळ समांतर दिसतो. तेही सॉफ्टवेअर अभियंता होते, पुढे पत्रकार झाले आणि कोलकात्याला परतले. पतीच्या जुन्या प्रियकराचे पत्र हाती लागलेली स्त्री ते गुपित कसे जपते, हे सांगणारी त्यांची ‘डोन्ट लेट हिम नो’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ती इंग्रजीत असल्याने लंडनपर्यंत सहज पोहोचली. खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी मराठीत लिहिली, आणि जालना जिल्ह्यातील मंठा किंवा घनसावंगीच्या वाचकाच्या दृष्टीने हा फरक थोडाथोडका नाही.

कलाकृती म्हणून पाहिले तर २००६ साली मौज प्रकाशनाने काढलेली सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ अधिक सरस आहे, हे मान्य करावे लागते. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो, आणि लेखक कशाचीही फोड करून सांगत बसत नाही. खिरे यांच्यातला समुपदेशक कादंबरीकाराला पुष्कळदा मागे सारतो. परंतु ज्या भाषेत या जगण्याला धड शब्दच नव्हते, तिच्यात कुणीतरी आधी समजावून सांगणे भाग होते, आणि त्यासाठी शैलीचा काही बळी गेला असेल तर तो सौदा वाईट म्हणता येणार नाही.

हे जगणे जगणाऱ्या जालन्याच्या तरुणाला पहिला परदेश पुणे हाच असतो. शिक्षणासाठी तेथे खोली घेतल्यावर गावाकडे न बोललेले स्वतःशी तरी बोलता येते. परतणे मात्र अवघड, कारण घरी लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे संबंध वगळले, तरी ही बोलणी थांबलेली नाहीत. अशा वेळी गावच्या वाचनालयात ‘पार्टनर’ मागितली, तर बहुधा त्याच नावाची व. पु. काळे यांची कादंबरी पुढे सरकवली जाते, आणि दुसरी हवी आहे असे मोठ्याने सांगण्याचे धाडस मागणाऱ्याला होत नाही.