बंडखोराच्या रक्ताचा माणूस

बाबिलोनच्या पुराणकथांत माणूस म्हणजे देवांनी मातीतून घडवलेला वेठबिगार, तेव्हा त्या लोकांना माणसाची किंमत नव्हती, हे मत सर्रास ऐकू येते. मला ते साफ चुकीचे वाटते. इसवी सनपूर्व सतराव्या शतकात ३ मृत्तिकापट्टांवर उतरवलेले ‘अत्रहासिस’ हे काव्य माणसापासून सुरूच होत नाही. आधी राबतात ते इगिगी नावाचे कनिष्ठ देव. ते नद्या खोदतात, कालवे काढतात, आणि एका रात्री फावडी-पाट्या पेटवून देऊन त्यांना राबवणाऱ्या एन्लिल या थोर देवाच्या घराला वेढा घालतात. पुढारी कोण, असे दरडावून विचारले तरी एकाचेही नाव फुटत नाही; लढाई आम्ही सगळ्यांनीच पुकारली, एवढेच उत्तर मिळते. मग देवसभेतच कबुली दिली जाते, की यांचे काम खरोखर जड होते. या तंट्यावरचा तोडगा म्हणजे माणूस. त्यासाठी एका देवाला मारून त्याचे रक्तमांस मातीत कालवतात, आणि तो निवडला जातो बुद्धी असलेला. बंडाचा म्होरक्या तोच, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे कष्टांबरोबर कष्टांना नकार देणारे रक्तही माणसाकडे आले.

यावर कोणी म्हणेल, ही राजाश्रयाची कथा. कालवे खोदायला प्रजेला जुंपायचे तर असे काव्य सोयीचेच. आक्षेप खरा आहे. ‘एनूमा एलिश’ या बाबिलोनच्या दुसऱ्या सृष्टिकाव्यात मार्दुक देवाच्या राज्याचा जयघोष करताना माणसाची सेवा गृहीतच धरली आहे. पण तिथेही रक्त किंगूचे, म्हणजे युद्ध पेटवल्याचा ठपका असलेल्या देवाचेच आहे. शिवाय निव्वळ प्रजेला दबवायचे असते, तर देवांनाही न झेपलेल्या कामाचे इतके सविस्तर वर्णन कशाला हवे होते? ‘अत्रहासिस’ची ही प्रत ज्याच्या काळातली, त्या राजा अम्मिसदुकाने कर्जमाफीचा हुकूम काढला होता. ओझे असह्य होते आणि ते उतरवावे लागते, हे त्या समाजाला ठाऊक होते.

‘अत्रहासिस’मध्ये पुढे माणसांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप उडते, म्हणून तो महापूर आणतो. हा क्रूरपणा झाकायचे कारण नाही. काव्यही तो झाकत नाही. माणसे बुडाल्यावर नैवेद्य बंद होतो आणि देव भुकेने व्याकूळ होतात. पुरातून वाचलेला काव्यनायक अत्रहासिस हवन करतो तेव्हा ते माश्यांसारखे घोंघावत धुराभोवती जमतात. माणसाला घडवणारी मातृदेवता मात्र एन्लिलला फैलावर घेते आणि माश्यांच्या आकाराचे लाजवर्दाचे मणी गळ्यात घालते, हे दिवस रोज आठवावेत म्हणून.