विहिरीच्या पाण्याचे आकडे आत्ताच मांडून ठेवा

रत्नागिरी जिल्ह्यातील समस्त ग्रामस्थांस, विशेषतः माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि साखरी नाटे येथील मंडळींस,

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पावर आपण पंधरा-वीस वर्षे बोलतो आहोत. जमीन, मासळी, भूकंप, मोबदला, सगळे झाले. 9,900 मेगावॅट हा आकडा पोरांनाही पाठ आहे. पण अणुभट्टीचे इंधन कुठून येते आणि ते काढल्यावर तिथे मागे काय उरते, हे फारसे कोणी विचारत नाही.

झारखंडात जादुगुडाला 1967 पासून युरेनियमची खाण आहे. आपल्याच राज्यातल्या तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्या अशाच देशी युरेनियमवर चालतात. जादुगुडाच्या टनभर दगडात युरेनियम असते जेमतेम अर्धा किलो. दगड दळायचा, गंधकाम्लाने त्यातले युरेनियम काढायचे आणि उरलेला चिखल चुन्याने शमवून पाइपने तळ्यात सोडायचा. युरेनियम गेले तरी मूळ दगडातला सुमारे 85 टक्के किरणोत्सर्ग या चिखलातच राहतो. त्यातले रेडियम निम्मे व्हायला 1,600 वर्षे लागतात. पाऊस मात्र दरसाल पडतो. डिसेंबर 2006 मध्ये जादुगुडाजवळच्या डुंगरीडीहपाशी हा पाइप फुटला आणि कित्येक तास हा चिखल ओढ्यात वाहत होता.

जैतापूरला इंधन बाहेरून येईल. 2010 च्या फ्रेंच करारात 25 वर्षांच्या पुरवठ्याची बोली होती. करार करणाऱ्या अरेवा या फ्रेंच कंपनीने नायजरमध्ये वर्षानुवर्षे चालवलेली अकूताची खाण 2021 मध्ये बंद झाली. तिथे सुमारे दोन कोटी टन किरणोत्सारी गाळ पडून आहे. असा ढीग राजापुरात होणार नाही. होईल म्हणून कोणी भीती घालत असेल, तर त्याचे ऐकू नका.

घ्यायचा धडा वेगळा आहे. जादुगुडात खाण चालवणारी कंपनी म्हणते, किरण इथल्या खडकातलेच. गावकरी म्हणतात, तळ्यातले. खाणीआधीचे आकडे गावाकडे नाहीत, मग भांडणार कशावर? आपल्याकडेही खडकात आणि किनाऱ्याच्या काळ्या वाळूत थोडाफार नैसर्गिक किरणोत्सर्ग असतोच, आणि जांभ्यातून पाणी चाळणीसारखे झिरपते. प्रकल्पवाल्यांचे मोजमाप त्यांच्याकडे राहील. गावाचे गावाकडे हवे.

तेव्हा 1 मेच्या ग्रामसभेत एवढा ठराव घ्या: गावातल्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीचे आणि झऱ्याचे पाणी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि गणपतीनंतर, तपासून घ्यायचे. नेहमीच्या तपासणीवर भागवू नका. युरेनियम आणि रेडियम ही नावे अर्जात लिहून मागा. युरेनियमची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मते 60. अहवालात आकडाच मागा, नुसते ‘पिण्यायोग्य’ चालणार नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि तिच्यावर विहिरीचे नाव व तारीख घाला. अहवालाची एक प्रत दप्तरी ठेवा, दुसरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

प्रकल्प हवा म्हणणाऱ्यांनीही या ठरावाला हात वर करावा. त्यांच्या घरीही पाणी त्याच विहिरींचे येते.

आपला,
एक राजापूरकर