पुरून ठेवलेला उजेड

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मावळात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. वळवण-शिरवत्याचे पाणी खोपोलीत उतरून मुंबईला वीज देते. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. या जुन्या यादीत आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. लोहमार्गाच्या कडेने जमिनीखालून जाणारी ऑप्टिकल फायबरची केबल ती हीच.

तिचे अर्थशास्त्र सोपे आहे. काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश धावतो आणि त्यावर आपले संदेश स्वार होतात. मोठा खर्च धाग्याचा नसतो. चर खणण्याचा आणि परवानग्यांचा असतो. म्हणून गरज थोड्या धाग्यांची असली तरी एकाच केबलीत 24 किंवा 48 धागे घालून ठेवतात. उरलेल्यांच्या टोकांना यंत्र नसते, त्यांत उजेड नसतो. त्यांनाच ‘डार्क फायबर’ म्हणतात.

ज्याची हयात बँकेत गेली त्याला पडून राहिलेली मत्ता पाहवत नाही. शाखेच्या तिजोरीत मर्यादेबाहेर रोकड राहिली की वरून विचारणा होई, कारण पडून असलेल्या पैशाला व्याज नाही. पडून असलेल्या धाग्याबद्दल मात्र कुणी कुणाला जाब विचारत नाही.

कल्पना नवी नाही. रुळांलगतच्या जागेचा असा उपयोग व्हावा म्हणून 2000 साली रेल्वेने रेलटेल ही कंपनी काढली. ऑक्टोबर 2011मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी जी योजना मंजूर केली, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, तिचा पायाच हा होता. तालुक्यापर्यंत बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांचे आधीचे धागे वापरायचे. नवा चर खणायचा तो तिथून पुढे. म्हणजे आपल्यापुरते बोलायचे तर वडगावपासून पुढे. तिकडे स्टॉकहोमने 1994 साली शहराच्या मालकीची कंपनी काढली आणि असे धागे सर्वांना सारख्या अटींवर भाड्याने दिले. शहराने रस्ता बांधला, गाड्या इतरांनी हाकल्या.

कुणी म्हणेल, हातोहाती मोबाइल असताना ही तार कशाला? पण टॉवरलाही पाठीमागून भक्कम तार लागतेच. शिवाय आंदर मावळात, नाणे मावळात डोंगर आडवे येतात. रेशनचा अंगठा, सातबारा, पीकविम्याचा अर्ज, म्हातारीचे निवृत्तिवेतन, सारे आता ‘रेंज’वर टांगलेले आहे. यंत्र चालले नाही तर बुडतो तो त्या माणसाचा दिवसाचा रोज.

पैशांचे म्हणाल, तर ऑगस्ट 2023मध्ये भारतनेटच्या सुधारित योजनेला 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले. कायदाही आडवा येत नाही. डिसेंबर 2020मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेप्रमाणे साधा किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. उणीव आहे ती जबाबदारीची. रस्ता रुंद करताना तार तुटली की खणणारा एक, मालक दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा. आणि गाव वाट पाहत बसते.

रिझर्व्ह बँकेने 1989 साली सेवाक्षेत्र पद्धत आणली आणि ग्रामीण शाखांना साधारण 15 ते 25 गावे वाटून दिली. ती पद्धत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पण कुणाचे दार ठोठवायचे हे गावाला ठाऊक असे. फायबरसाठीही तसेच करावे. तालुक्यात किती धागे पडून आहेत याची यादी जाहीर व्हावी. रेल्वेच्या सिग्नलसाठी लागणारे वगळून उरलेल्यांचे भाडे सर्वांना सारखे असावे. शेवटच्या टप्प्याची निगा गावातल्याच बचत गटाकडे, वाचनालयाकडे किंवा दूध संस्थेकडे सोपवावी आणि तुटलेली तार किती दिवसांत जोडायची, हे करारात लिहावे.

येत्या ग्रामसभेत एवढा एकच प्रश्न विचारा : आपल्या गावाच्या तारेला जबाबदार कोण? उत्तरादाखल एखादे नाव मिळाले, तरी अर्धे काम झाले म्हणायचे.