संमतीचा कागद

विहारात बैठक ठेवली की आमची पोरं आधी विचारतात, "दादा, लवकर उरकंल ना?" पूर्वी आम्हाला राग यायचा. पण कुणी राईस मिलमध्ये दिवसभर पोती उचलतो, कुणाची आई हजारी मजुरीवर बिड्या वळते. त्यांनी चळवळीला वेळ आणायचा कुठून?

त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. म्हणे आठवड्याचे ४८ तास तेच राहतील, जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल. संमती! गोंदियात मालकासमोर 'नाही' म्हणणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर दिसेल काय?

हे ४८ तास आभाळातून पडले नाहीत. आधी ते ५४ होते. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कायदादुरुस्ती मांडली, तेव्हा ते उतरले. १४ एप्रिलला डीजेसाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? आम्हीच कधी सांगितलं नाही.

म्हणून पुढची बैठक विहारात नाही. मिल सुटल्यावर, फाटकाजवळच्या चहाटपरीवर. विषय एकच: त्या कागदावर सही करण्याआधी काय विचारायचं.