परतीचे दार

आईच्या आजारपणासाठी चार आठवड्यांची रजा काढून मायदेशी यावे आणि परतीची वाट महिनोन् महिने अडून राहावी, असा प्रसंग अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेक भारतीयांवर ओढवला. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व्हिसाच्या अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाली. त्यापायी भारतातील अमेरिकी वकिलातींनी ठरलेल्या मुलाखती मार्च २०२६ व त्यापुढे ढकलल्या.

यात दोष या प्रवाशांचा नव्हे. अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि तेथे प्रवेश करण्याचा व्हिसा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परवानगी मुदतीत असली तरी व्हिसा संपलेला असू शकतो. आणि तो नवा करण्यासाठी देशाबाहेरच यावे लागते. कायदा पाळणाऱ्यालाच कायदा बाहेर धाडतो आणि बाहेरच अडकवून ठेवतो!

ही अडचण अटळ मुळीच नाही. जुलै २००४ पर्यंत असे व्हिसा अमेरिकेतच नवे करून मिळत. २०२४ च्या आरंभी २०,००० अर्जांपुरता तोच प्रयोग पुन्हा झाला. आपल्या दाराशी पहारा ठेवण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. परंतु घरात राहू दिलेल्या माणसाची तपासणी त्याला उंबऱ्याबाहेर काढूनच का व्हावी? ती प्रायोगिक सोय कायमची व्हावी, असा आग्रह भारत सरकारने धरलाच पाहिजे. आईला भेटावे की नोकरी राखावी, असा पेच कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्राच्या कायद्याने मुलापुढे टाकू नये.