‘कॅप्टन व्योम’: आवडलेले आणि खटकलेले

‘कॅप्टन व्योम’ ही हिंदी विज्ञानमालिका 1998 मध्ये दूरदर्शनवर आली. दिग्दर्शन केतन मेहता यांचे, व्योमच्या भूमिकेत मिलिंद सोमण. कथेतले साल 2123. पृथ्वीवर वेगवेगळे देश उरलेले नाहीत, सगळ्या जगाचे एकच सरकार आहे आणि त्याच्या शिरावर ‘विश्वप्रमुख’ आहे. ही भूमिका टॉम ऑल्टर यांनी केली. अंतराळातल्या तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार पळतात आणि त्यांना एकेक करून धरून आणण्याची कामगिरी व्योमवर येते. मालिकेचा सारा डोलारा या एका धाग्यावर उभा आहे.

ज्यांनी ही मालिका शाळकरी वयात पाहिली, त्यांचे तिच्याविषयीचे मत आजही दुभंगलेले असते. ती आवडली होती, यात शंका नाही. पण पुढे विज्ञान शिकल्यावर तिच्यातले काय काय खटकले, हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगता येते. ही दोन्ही मते खरी आहेत आणि दोन्हींना कारणे आहेत.

आधी आवडण्याची. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कडावसारख्या गावात त्या काळी बहुतेक घरांपुरता टीव्ही म्हणजे दूरदर्शन. वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एकाने कौलांवर चढायचे आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, थांब’ असे ओरडायचे. अशा पडद्यावर अंतराळयान दिसले आणि ते चालवणाऱ्याचे नाव ‘व्योम’ निघाले, हीच मोठी गोष्ट होती. त्याआधी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवली गेली होती, पण तिच्यातला भविष्यकाळ परक्यांचा होता. ‘कॅप्टन व्योम’ने सव्वाशे वर्षांनंतरचे जग आपल्या नावांनी आणि आपल्या भाषेत उभे केले. मोठेपणी अंतराळात जाणाऱ्या माणसाचे नाव आपल्यासारखे असू शकते, हे या मालिकेने मुलांना न सांगता शिकवले. तेवढ्यासाठी तिचे ऋण मानायला हवे.

तिची चित्रे कच्ची होती, संगणकावर केलेली अंतराळयाने खेळण्यातली वाटत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो तितकासा न्याय्य नाही. पैसा कमी असला की कल्पना वाढते, हे याच प्रकारातल्या मालिकांनी दाखवून दिले आहे. 1966 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ला प्रत्येक भागात यान ग्रहावर उतरवण्याचा खर्च झेपत नव्हता, म्हणून माणसांना किरणांनी थेट खाली पोचवणारे यंत्र कल्पिले गेले. पुढे तेच त्या मालिकेचे सर्वांत लोकप्रिय यंत्र ठरले. दूरदर्शनवरच्याच ‘स्पेस सिटी सिग्मा’चे नेपथ्य ‘व्योम’हून साधे होते, तरी तिच्यातला खलनायक झखाकू अजून लोकांच्या लक्षात आहे. पुठ्ठ्याची भिंत प्रेक्षक मान्य करतो. भिंतीमागे काही नियम आहे की नाही, एवढे त्याला कळायला हवे असते.

‘कॅप्टन व्योम’ नेमकी इथे कमी पडते. अंतराळात हवा नाही, त्यामुळे स्फोटाचा आवाज पोचत नाही; मालिकेतल्या लढाया मात्र गडगडतात. हा दोष जगभरच्या अशा मालिकांत आहे, म्हणून तो सोडून देता येईल. अंतराचा प्रश्न तसा सोडता येत नाही. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. तरीही पृथ्वीवरून मंगळावर पोचायला त्याला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, 3 ते 22 मिनिटे लागतात. गुरूपर्यंत अर्ध्या तासाहून अधिक. पृथ्वीवरचा अधिकारी आणि दूरचा वीर समोरासमोर बसल्यासारखे बोलू लागले की सूर्यमालेची विशालता नाहीशी होते. उलट, हुकूम मागितल्यावर उत्तराला तास लागणार असेल, तर वीराला स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागेल. खरे नाट्य तिथेच आहे. विज्ञान पाळले असते तर कथा अडली नसती, ती अधिक रंगली असती. मालिकेने ही संधी घालवली.

कडावच्या परिसरातल्या प्रेक्षकाला ही उणीव जाणवावी, याला एक स्थानिक कारणही आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीचा कडा उतरते आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रात चक्रे फिरवते. हे केंद्र 1922 पासून चालू आहे. वीज करून झालेले पाणी पेज नदीत येते, पेज पुढे उल्हासला मिळते, आणि या पाण्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकतो. वरून पाणी सुटले नाही की खाली पेज उतरते. घाटमाथ्यावरची झडप आणि खाचरातला भात यांचा संबंध ज्याने रोज पाहिला आहे, त्याला यंत्र कसे चालते हा प्रश्न पडतोच. ‘व्योम’मध्ये यंत्रे कथेच्या सोयीने चालतात आणि सोयीनेच बंद पडतात.

या बाबतीत 1989 ची ‘इंद्रधनुष’ ही मालिका सरस होती. उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकर आणि करण जोहर तिच्यात होते, तिघेही पुढे मोठ्या पडद्यावर नावारूपाला आले. मुलांनी जोडलेला संगणक काळयंत्र होतो आणि ती भूतकाळात, स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत जाऊन पोचतात, एवढीच मूळ कल्पना. एक अशक्य गोष्ट मान्य करायची आणि बाकी सगळे नेहमीच्या जगासारखे ठेवायचे, ही विज्ञानकथेची जुनी आणि खात्रीची रीत तिने धरली.

मराठीत ही रीत फार आधीपासून रुजलेली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी फिरवून हे टोपणनाव घेतले होते. 1979 च्या ‘यक्षांची देणगी’ या त्यांच्या संग्रहात ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा आहे. डावे-उजवे यांची अदलाबदल झाली, वस्तूची आरशातली प्रतिमाच प्रत्यक्षात आली तर काय, या प्रश्नावर ती उभी आहे. तिला यान लागत नाही, परग्रह लागत नाही. क्रिकेटचे मैदान आणि गणपतीची मूर्ती पुरते. कडावला बालदिगंबर गणेशाचे देऊळ आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला तर ती लगेच आपली वाटेल. ‘वामन परत न आला’ या त्यांच्या कादंबरीत यंत्रमानव आहे आणि त्याच्याविषयीची भीती आज अधिकच जवळची झाली आहे. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथांनीही मोठे कपाट भरेल.

‘कॅप्टन व्योम’ने धाडस केले, पण कथेला विज्ञानाचा कणा दिला नाही. मराठीत तसा कणा असलेल्या कथा छापून तयार आहेत आणि त्यांतल्या कित्येक एका घरात, एका प्रयोगशाळेत चित्रित होतील. मराठी वाहिन्यांनी त्यांतून तेरा भागांची एक मालिका करावी, आणि पहिला भाग ‘उजव्या सोंडेच्या गणपती’चा असावा.