कुजलेल्या प्रेताचा प्रश्न

पट्टाभिराम रेड्डी यांचा ‘संस्कार’ हा कानडी चित्रपट १९७० सालचा. मद्रासच्या परीक्षक मंडळानें तो दाखविण्यास मनाई केली; पुढें केंद्र सरकारनें ती उठविली आणि त्याच सालचा उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यासच मिळाला! एका कचेरींत जें विष ठरलें, तेंच दुसऱ्या कचेरींत अमृत ठरलें. हा चमत्कार कसा झाला, याचा विचार आमच्या वाचकांनीं अवश्य करावा.

कथा यू. आर. अनंतमूर्ति यांच्या १९६५ सालच्या कादंबरीची. पटकथा गिरीश कर्नाड यांची. प्राणेशाचार्यांची भूमिकाही त्यांचीच. दुर्वासपुर नांवाच्या माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारांत नारणप्पा प्लेगनें मरतो. हा गृहस्थ मांस खाणारा, दारू पिणारा, हलक्या मानलेल्या जातीच्या चंद्रीस घरांत ठेवणारा. पण जिवंतपणीं त्यास कोणी वाळींत टाकलें नव्हतें. म्हणून मेल्यावर त्याचा संस्कार कोणी करावा, हा पेंच पडतो. प्रेत जळत नाहीं तोंवर कोणास घांस घेतां येत नाहीं. इकडे प्रेत कुजतें, उंदीर मरून पडतात, गिधाडें घरांवर बसतात. आणि तिकडे पंडित पोथ्या उलगडून बसले आहेत! चंद्रीनें खर्चासाठीं अंगावरचे दागिने पुढें ठेवतांच मात्र, ‘आम्ही हात लावणार नाहीं’ म्हणणारेच ‘हात आम्हीच लावूं’ म्हणून भांडूं लागतात. पोथींत जें सांपडलें नाहीं, तें सोन्यांत सांपडलें!

पहिला आक्षेप असा कीं, यानें एका जातीची बदनामी होते. आम्ही विचारतों, ही कथा रचली कोणी? अनंतमूर्ति आणि कर्नाड हे दोघेही ब्राह्मण घरांतच जन्मले. घरचाच माणूस घरांतील घाण दाखवूं लागला, तर घाण काढावी कीं त्याचें तोंड बांधावें? जोतीरावांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें, तेंही नापसंतच झालें. तेव्हां कमिटी होती, पुढें परीक्षक मंडळ झालें. दार लावून घेण्याची रीत तीच.

दुसरा आक्षेप, दृश्यें किळसवाणीं आहेत. आहेतच! पण किळस प्रेताची यावी, कीं तें तसें पडूं देणाऱ्या शास्त्राची?

तिसरा आक्षेप आमच्याच मंडळींचा आहे आणि तोच वजनदार आहे. ते म्हणतात, ब्राह्मणाच्या प्रेतावर ब्राह्मणांनीं केलेला काथ्याकूट आम्हीं कशास पाहावा? यांत तथ्य आहे. मूळ कादंबरींत त्याच दिवसांत गांवाबाहेरच्या अस्पृश्यांच्या वस्तींत बेळ्ळी नांवाच्या मुलीचे आईबाप मरतात आणि झोपडीसकट जाळले जातात. त्यांच्या संस्काराचा प्रश्न पंडितास पडत नाहीं, आणि कथेवर वाद घालणाऱ्या बहुतेक विद्वानांसही पडत नाहीं. आचार्यास जाग येते ती चंद्रीच्या संगतीनें. पण पुढची सारी तळमळ आचार्याची, चंद्री मागें राहते.

तरीही आम्ही म्हणतों, हा चित्रपट पाहावा. कारण शेवटीं तें प्रेत जाळतें कोण? पंडित नव्हे. ज्या बाईस शास्त्रांत जागा नाहीं तीच, एका मुसलमानाच्या मदतीनें, रात्रींतून तें काम उरकते. शास्त्र अडखळतें तेथें माणुसकी गाडी जुंपते, हें बहुजन समाजानें डोळ्यांनीं पाहण्यासारखें आहे. चंद्रीचें काम करणाऱ्या स्नेहलता रेड्डी यांस १९७६ सालीं आणीबाणींत बंगळूरच्या तुरुंगांत खटल्यावांचून डांबलें. दम्यानें खंगून सुटल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्यें, त्या वारल्या. ही आठवणही पाहणाऱ्यानें मनांत ठेवावी.

मनाई मागणें हें दुबळ्याचें हत्यार आहे. आमचें हत्यार प्रश्न विचारण्याचें. ‘संस्कार’ पाहावा आणि झोपडींत जळालेल्यांविषयीं मोठ्यानें विचारावें. राहिलेली बाजू पाहावयाची तर नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा ‘फँड्री’ पाहावा. त्यांत डुकरामागें धांवणाऱ्या घरचा पोरगा शेवटीं दगड भिरकावतो. तो येतो थेट पाहणाऱ्याच्या रोखानें. तो कोणास लागावयाचा, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं ठरवावें.